घरच्या दप्तराची दुसरी प्रत

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहिती केंद्राला आग लागली. अखंड वीजपुरवठ्यासाठी बसविलेल्या लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम सुरू असताना ती भडकली आणि शेकडो शासकीय सेवा एका रात्रीत ठप्प झाल्या. त्यांतील बहुतेक सेवा पुढे क्रमाक्रमाने पूर्ववत झाल्या. मात्र सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात ठेवीत, तो ८५८ टेराबाइटांचा साठा कायमचा नष्ट झाला. साठा इतका मोठा होता, की त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलीच गेली नव्हती, असे कारण देण्यात आले. संगणकीकरणात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या जपानचे आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरील चार गावांच्या नगरपालिकांतील कुटुंब नोंदवह्या वाहून गेल्या. जन्म, विवाह, मृत्यू, वारसा हे सारे जपानमध्ये या नोंदवह्यांवरून ठरते. तरीही त्या नोंदी पुन्हा उभ्या राहिल्या. कारण कायद्यानुसार त्यांची दुसरी प्रत न्याय मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयांत ठेवलेली होती. एका ठिकाणी यंत्रणा अद्ययावत होती पण प्रत एकच होती. दुसऱ्या ठिकाणी समुद्राने गावच नेले, पण प्रती दोन होत्या. माहितीची सुरक्षितता यंत्राच्या किमतीवर ठरत नाही, तिच्या प्रती किती आणि त्या कुठे आहेत यावर ठरते, एवढाच या दोन घटनांचा बोध.

हा बोध सरकारांपुरता मर्यादित राहिलेला नाही. गेल्या वीस वर्षांत सामान्य मराठी घराचे दप्तर लोखंडी पेटीतून निघून संगणकात आणि मोबाइलमध्ये गेले आहे. त्याची दुसरी प्रत कुठे आहे, हा प्रश्न मात्र फार थोड्या घरांत विचारला जातो. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील घिवलीसारख्या गावात तर हा प्रश्न हौसेचा नाही, हक्काचा आहे.

पुराव्यांचा जिल्हा

घिवली हे तारापूर अणुशक्ती केंद्रालगतच्या किनाऱ्यावरचे गाव. बाजारहाटासाठी आणि रेल्वेसाठी बोईसर, शासकीय कामासाठी पालघर, असा इथला नित्याचा व्यवहार. १९६९ मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी घिवलीच्या शेजारची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे चालला. कोणाचे घर होते, किती जागा होती, कुटुंबात वेगळी चूल कोणाची होती, या प्रश्नांची उत्तरे अखेर कागदावरूनच द्यावी लागतात, हे या परिसराने जवळून पाहिले आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर प्रकल्पांचा ओघ आणखी वाढला. मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग हे सारे याच जिल्ह्यातून जातात. वाढवण येथील सुमारे ७६ हजार २०० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. अशा प्रत्येक प्रकल्पापाठोपाठ संपादनाच्या नोटिसा, मोजणीचे नकाशे, मोबदल्याचे आदेश, हरकतींच्या पोचपावत्या घरोघर येतात. मच्छीमाराला आपला व्यवसाय सिद्ध करण्यासाठी नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, डिझेल परताव्याची बिले आणि सहकारी संस्थेच्या पावत्या दाखवाव्या लागतात. शेतकऱ्याला सातबारा आणि फेरफार लागतो. ही कागदपत्रे आता बहुतांशी मोबाइलने टिपलेल्या प्रतिमांच्या रूपात असतात. मूळ कागद दमट हवेत, वाळवीत किंवा घर बदलताना गेला, तर ती प्रतिमा हाच एकमेव माग उरतो.

याखेरीज रोजगाराची बाजू आहे. चिंचणी, वरोर, वाढवणच्या किनारपट्टीत दागिन्यांचे साचे घडविण्याचा, म्हणजे डायमेकिंगचा, घरगुती उद्योग रुजलेला आहे. पूर्वी कारागिराची कला त्याच्या हातात आणि पोलादी डायमध्ये असे. जिथे नक्षी संगणकावर काढून यंत्राने कोरली जाते, तिथे कारागिराचे भांडवल हे त्या संगणकातील फाइली आहेत. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. दहा वर्षांच्या नक्षीकामाच्या फाइली गेल्या, तर त्या कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. गावातील छायाचित्रकार, कर सल्लागार, शिकवणी घेणारे शिक्षक यांचीही स्थिती याहून निराळी नाही.

शासनाकडे तर सर्व काही आहे, मग घरी प्रत कशाला, असा प्रश्न इथे उपस्थित होईल. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, डिजिलॉकर २०१५ पासून आहे, हे खरे. तथापि शासनाकडे असते ती शासनाने दिलेली कागदपत्रे. नागरिकाने दिलेला अर्ज, त्यावरील पोच, जुन्या घराचे छायाचित्र, खासगी करार, आजोबांच्या हातची वाटणीची टिपणे ही शासनाच्या कोणत्याही संगणकात नसतात. शिवाय शासकीय दप्तरही अमर नसते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरचे मजले खाक झाले, पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य नस्त्यांची राख झाली. ज्या नस्त्यांच्या प्रतिमा आधीच संगणकात घेतल्या होत्या, त्यांचेच काम पुढे सुकर झाले.

प्रत कशाला म्हणायचे?

बॅकअपविषयी घरोघरी तीन गैरसमज दिसतात. पहिला असा, की फाइल संगणकातून काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवली म्हणजे बॅकअप झाला. वस्तुतः संगणकातून ती पुसली गेली असेल, तर फाइल एकाच ठिकाणी आहे. तिची केवळ जागा बदलली. संगणकातील जागा मोकळी करण्यासाठी घेतलेली डिस्क आणि बॅकअपसाठी घेतलेली डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकच डिस्क दोन्ही कामांना लावली, की दुसऱ्या कामाचा बळी जातो.

दुसरा गैरसमज असा, की एकाच संगणकातील ‘सी’ आणि ‘डी’ हे दोन ड्राइव्ह म्हणजे दोन प्रती. बहुतेक घरगुती संगणकांत ते एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बंद पडली, की दोन्ही कप्पे बरोबरच जातात.

तिसरा गैरसमज अधिक सार्वत्रिक आहे. छायाचित्रे आपोआप इंटरनेटवरील साठ्यात, म्हणजे क्लाउडमध्ये, जातात. तेव्हा चिंता नाही, असे मानले जाते. क्लाउडचा उपयोग निर्विवाद आहे; घर जळाले किंवा बुडाले तरी ती प्रत वाचते. परंतु ती दुसऱ्याच्या अटींवर ठेवलेली प्रत आहे. गूगलने छायाचित्रांसाठीचा अमर्याद मोफत साठा १ जून २०२१ पासून बंद केला. तेव्हापासून मेल, छायाचित्रे आणि फाइली मिळून १५ जीबी एवढीच मोफत मर्यादा लागू झाली. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरणही या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून अमलात आणले. घरातील कर्ता माणूस गेला, त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक नसला, तर दोन वर्षांनी त्याच्या खात्यातील सारे काही पुसले जाऊ शकते. त्यातच अनेक सेवा बॅकअप घेत नसून केवळ दोन्हीकडचा साठा सारखा ठेवतात. मोबाइलवर चुकून पुसलेले छायाचित्र काही दिवसांनी तिथूनही नाहीसे होते.

वेगाचा हिशेबही ध्यानात घ्यावा. एखाद्या घराकडे ५०० जीबी माहिती आहे आणि जोडणीचा वर पाठविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे, असे मानले, तर ती सारी क्लाउडवर चढविण्यास अखंड साडेचार दिवसांहून अधिक लागतील. तीच माहिती यूएसबी ३ जोडणीच्या बाह्य हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने दीड तासाच्या आत उतरते. लहान लहान फाइली पुष्कळ असल्या, तर त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणूनच घरात एक डिस्क आणि निवडक, अत्यावश्यक कागदपत्रांपुरता क्लाउड, ही विभागणी व्यवहार्य ठरते.

डिस्क घेताना

सध्या हा विषय तातडीचा होण्यास आणखी एक कारण घडले आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार थांबविला. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी करून एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. पण विंडोज ११ न चालणारे असंख्य जुने संगणक आज ना उद्या बदलावे लागणार आहेत. जुन्यातून नव्यात जाण्याचा हा काळ माहिती हरवण्याचाही असतो. जुना संगणक विकण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत करून ती तपासणे आणि मगच तो पुसणे, हा क्रम चुकता कामा नये.

दुर्दैवाने बाजाराची हवा ग्राहकाला अनुकूल नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी साठवण आणि मेमरी यांची मागणी इतकी वाढली, की मायक्रॉन या बड्या कंपनीने आपला ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. किमती चढल्या. २०११ मध्ये थायलंडच्या पुराने हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले, तेव्हाही जगभर असेच झाले होते. तरीही एक-दोन टीबीची बाह्य डिस्क काही हजार रुपयांत मिळते, आणि नादुरुस्त डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा त्याच्या कित्येक पट रक्कम मागतात. तीही यशाची हमी न देता.

डिस्क केवढी घ्यावी, याचे उत्तर जाहिरातीत नसून घरच्या संगणकात आहे. घरातील सर्व संगणकांवर आणि मोबाइलवर मिळून जेवढी जागा भरली असेल, तिच्या दुप्पट क्षमतेची डिस्क काही वर्षे पुरते. एक टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखविते. ही फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

चकतीवर फिरणारी हार्ड डिस्क घ्यावी, की आत काहीही न फिरणारी एसएसडी? एसएसडी वेगवान असते, पडली-झडली तरी सहसा टिकते; मात्र तेवढ्याच क्षमतेला महाग पडते. तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात असल्याने ती वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यास योग्य मानली जात नाही. हार्ड डिस्क स्वस्त असते आणि कपाटात पडून राहण्यास बरी; पण चालू असताना तिला धक्का सोसत नाही. महिन्यातून एकदा जोडून पुन्हा पेटीत ठेवायच्या घरगुती बॅकअपला अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी हार्ड डिस्क पुरेशी आहे. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो; जिथे विजेचा दाब खालीवर होतो, तिथे ती आणखी एक काळजी ठरते. पेनड्राइव्ह मात्र बॅकअपचे साधन नव्हे, ते ने-आण करण्याचे साधन आहे.

खरेदी कुठून करावी, हाही प्रश्न आहे. लोकल गाड्या २०१३ पासून डहाणूपर्यंत धावू लागल्याने बोईसरहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठणे सोपे झाले आहे. बोईसर-पालघरच्या दुकानांतही आणि संकेतस्थळांवरही माल मिळतो. जागा कोणतीही असो, पक्के बिल, बंद वेष्टन आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर नोंदविता येणारा अनुक्रमांक या तीन गोष्टींवर तडजोड नको. अत्यल्प किमतीत १६ टीबीची एसएसडी देऊ करणाऱ्या जाहिराती सरळसरळ फसव्या असतात. अशा डबीत लहानसे मेमरी कार्ड बसविलेले असते आणि संगणकाला खोटी क्षमता दाखविण्याची तजवीज केलेली असते. मर्यादा ओलांडली, की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात आणि दोन्ही जातात. वॉरंटीचा अर्थही समजून घ्यावा. ती डिस्क बदलून देण्याची असते, माहिती परत देण्याची नव्हे.

मांडणी आणि शिस्त

डिस्क घरी आल्यावर प्रथम तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी: खरेदीची तारीख, ‘प्रत १’ किंवा ‘प्रत २’. घरात केवळ विंडोज असेल, तर डिस्क एनटीएफएस पद्धतीने मांडावी. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचायची असेल, तर एक्सफॅट. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ ही सोय कंट्रोल पॅनेलमध्ये मिळते. ती चालू करून डिस्क निवडली, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या कप्प्यांतील बदललेल्या फाइलींच्या आवृत्त्या आपोआप जमा होतात. मॅकमध्ये हेच काम ‘टाइम मशीन’ करते. मात्र ते डिस्क आधी कोरी करून घेते, म्हणून तिच्यावर दुसरे काही नसावे. विंडोज ११ मधील ‘विंडोज बॅकअप’ या नावाने फसू नये. त्याचा रोख प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडकडे आहे. ज्यांना या सोयी किचकट वाटतात, त्यांनी वर्षवार कप्पे करून सरळ नक्कल केली तरी चालेल. नियम न मोडता केलेली साधी नक्कल ही अर्धवट सोडलेल्या उत्तम योजनेपेक्षा सरस असते.

कागदपत्रांना नावे देण्यात थोडा वेळ घालवावा. ‘आयएमजी ४७२१’ या नावाची फाइल दहा वर्षांनी कोणालाही सापडत नाही. ‘२०१९ सातबारा घिवली’, ‘२०२४ हरकत अर्ज पोच’ ही नावे घरातील कोणालाही कळतात. नोंदणीकृत खरेदीखत किंवा फेरफार यांच्या प्रतिमेत दस्त क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचा शिक्का स्पष्ट दिसला पाहिजे. प्रतिमा मूळ दस्ताची जागा घेत नाही; पण त्या क्रमांकावरून निबंधक किंवा तहसील कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळविणे पुष्कळ सोपे होते.

छायाचित्रांच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने धाडलेल्या छायाचित्राचा आकार घटविला जातो आणि त्यातील मूळ तारीख, ठिकाण ही माहितीही निघून जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्राची अट आहे आणि त्यात फाइलचा ‘हॅश’, म्हणजे अंकी ठसा, नमूद करावा लागतो. तेव्हा मूळ मोबाइलमधील मूळ फाइल तशीच राखून ठेवणे, हे केवळ नीटनेटकेपणाचे काम उरलेले नाही.

बॅकअप झाला, की डिस्क काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क ही सोयीची असते, पण विजेचा झटका आला किंवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू शिरला, तर संगणकाबरोबर तीही जाते. २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर निकामी केले. त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे कामही विस्कळीत झाले. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा, याची नोंद ठेवणारे कंपनीचे सर्व सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले. अपवाद आफ्रिकेतील घानाच्या कार्यालयातील एका सर्व्हरचा. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून तुटलेला होता! तिथला इंटरनेटचा वेग अपुरा असल्याने पुढे त्या सर्व्हरमधील माहितीची डिस्क विमानाने हातोहात नेण्यात आली. भारनियमनाला दूषणे देत मोठ्या झालेल्या महाराष्ट्राला या प्रसंगातील गंमत वेगळी सांगायला नको. मात्र जे घानात दैवयोगाने घडले, ते घरात हाताने घडवायचे असते.

किनाऱ्यावरची हवा हा स्वतंत्र शत्रू. खारट दमट वाऱ्याने जोडणीची टोके गंजतात. पावसाळ्यात बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा जमिनीपासून उंच, खिडकीपासून दूर, ही व्यवस्था पुरते. वातानुकूलित खोलीतून डिस्क बाहेर आणली, तर लगेच जोडू नये. तिच्यावर धरलेला ओलावा जाऊ द्यावा. डिस्कवर नक्कल सुरू असताना संगणक यूपीएसवर असावा. तौते चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी या किनाऱ्याला समांतर सरकले, तेव्हा जिल्ह्यातील वीज कशी गेली होती, हे लोक विसरलेले नाहीत. शेजारच्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवास आली. उंच फळीच्या कडेवर डिस्क ठेवू नये, हे सांगण्यास तेवढे पुरे.

शेवटची शिस्त सर्वांत दुर्लक्षित आहे: प्रत वाचून पाहणे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. कारण नकलेवरून नक्कल होताना पाठ बिघडले होते. नक्कल आहे म्हणजे ती बरोबर आहे, असे समजू नये, हा धडा मराठी माणसाला इतका जुना आहे. तीन महिन्यांतून एकदा डिस्कवरील चार-सहा फाइली, शक्यतो दुसऱ्याच संगणकावर, उघडून पाहाव्यात. परत मिळविता येते की नाही हे ज्याने तपासलेले नाही, त्याच्याकडे बॅकअप नसून केवळ बॅकअपची आशा आहे.

दुसरी डिस्क दुसऱ्या घरी

व्यावसायिकांत ‘तीन-दोन-एक’ हा नियम प्रचलित आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. यातील ‘एक’ हा आकडा लोक सर्वांत आधी सोडून देतात आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. हजारो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीच्या प्रसिद्ध आकडेवारीत डिस्क बंद पडण्याचे प्रमाण वर्षाला साधारण एक ते दोन टक्के असते. ते दीड टक्का धरले, तर दोन स्वतंत्र डिस्क एकाच वर्षी बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे दोन एवढी उतरते. हा दिलासा मोठा आहे. पण तो ‘स्वतंत्र’ या एका शब्दावर उभा आहे. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील, तर आग, पूर, चोरी यांच्या दृष्टीने त्या दोन नाहीतच. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबई-ठाण्यातील तळमजल्यांवर पाणी शिरले, तेव्हा मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स एकाच कपाटात ठेवणाऱ्यांना हे कळून चुकले.

अणुशक्ती केंद्रालगतच्या गावांना याचे महत्त्व अधिक आहे. देशातील अणुवीज केंद्रांभोवती १६ किलोमीटरचे क्षेत्र आपत्कालीन नियोजनासाठी आखले गेले आणि घिवली त्यात अगदी आतल्या बाजूला येते. अशी वेळ येऊ नये हे खरे. आणि आलीच, तर मिनिटांत घर सोडताना संगणक उचलून नेता येत नाही. चक्रीवादळाच्या वेळी होणारे स्थलांतरही याच जातीचे. तेव्हा दुसरी डिस्क विरारच्या मावशीकडे, पुण्याच्या भावाकडे किंवा कामाच्या ठिकाणच्या कपाटात असावी. गणपतीला आणि दिवाळीला ये-जा होतेच, तेव्हा घरची डिस्क तिकडे आणि तिकडची घरी, अशी अदलाबदल करावी. ही डिस्क परक्या छताखाली राहणार असल्याने तिला पासवर्डचे कुलूप हवे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ आहे. होम आवृत्तीत ‘व्हेराक्रिप्ट’सारखा मोफत कार्यक्रम वापरता येतो. मात्र हा पासवर्ड घरातील किमान दोन माणसांना ठाऊक असावा आणि कागदावर लिहून दागिन्यांबरोबर ठेवावा. कुलूप इतके पक्के असते, की किल्ली हरवली तर मालकही बाहेरच राहतो.

खर्च कोणाचा?

दोन डिस्कचा खर्च सर्वांना परवडेल, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मच्छीमार किंवा आदिवासी पाड्यावरील कुटुंबाकडे संगणकच नसतो. त्यांचे सारे दप्तर एका मोबाइलमध्ये असते, आणि मोबाइल समुद्रात पडतो, चोरीस जातो, हप्ता थकला की विकला जातो. प्रकल्पांमुळे पुराव्यांची गरज सर्वांत अधिक आहे ती याच कुटुंबांना. इथे घरगुती शहाणपण अपुरे पडते आणि संस्थांची जबाबदारी सुरू होते. मच्छीमार सहकारी संस्था आपल्या सभासदांच्या परवान्यांच्या आणि नौका नोंदणीच्या प्रतिमा दोन डिस्कवर ठेवू शकतात. आपले सरकार सेवा केंद्रात कागद स्कॅन होतोच. अर्जाची आणि पोचेची फाइल अर्जदाराच्या खात्यात जमा करून देण्यास वेगळा खर्च येत नाही. ज्या यंत्रणा संपादनाच्या नोटिसा बजावतात, त्यांनी संपूर्ण संचिका डिजिटल स्वरूपात बाधित कुटुंबाच्या हाती देणे हा तर नियमच असावयास हवा. पुरावा मागण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्यावर पुरावा जपण्यास साहाय्य करण्याचे कर्तव्यही येते.

३१ मार्च हा दिवस जगात ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो हिशेब बंद करण्याचा दिवस. वह्यापूजनाची परंपरा असलेल्या समाजाला वर्षातून एक दिवस घरच्या दप्तरासाठी राखून ठेवणे जड जाऊ नये. वाढवणचे बंदर उभे राहील, बोईसरला बुलेट ट्रेन थांबेल, आणखी काही गावांची नावे नकाशावर सरकतील. त्या साऱ्या उलथापालथीत आपण इथे होतो, इतके होतो आणि हे आमचे होते, असे सांगण्याची पाळी ज्यांच्यावर येईल, त्यांचे म्हणणे कागदावर तोलले जाणार आहे. तो कागद एकाच घरात, एकाच यंत्रात असेल, तर तो आहे असे धरून चालणे धोक्याचे आहे.